बंदराच्या रस्त्यावरचे दगड

दसरा जवळ आला की मी मार्केट यार्डाच्या बाजूला जायचं टाळते. रिक्षावाल्याला सांगते, दुसऱ्या रस्त्याने घ्या. तो आरशातून माझ्याकडे बघतो. "बाई, लांब पडेल," म्हणतो. पडू दे. पण झेंडू असा चुकवून चुकत नाही. नारायण पेठेत आमच्या बिल्डिंगच्या खालीच फुलवाल्या बायका येऊन बसतात आणि फूटपाथवर पोती उलटी करतात. सकाळी खिडकी उघडली की तो कडसर, ओला, हिरवट वास थेट स्वयंपाकघरात येतो आणि दुधाच्या पातेल्यापाशी उभा राहतो.

"अगं, दाराला एक तोरण तरी लावू या," हे म्हणतात. मग माझा चेहरा बघतात आणि नुसत्या आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात.

पुण्यात आश्विन महिना चांगला असतो असं सगळे म्हणतात. दुपारी ऊन चटके देतं, पण संध्याकाळी नदीकडून जरा वारं येतं. धुऊन वाळत घातल्यासारखं आभाळ असतं. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीची गर्दी सुरू होते, कुणाच्या तरी घरात भाजणी भाजल्याचा वास जिन्यात रेंगाळतो. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणतात, "हवा काय छान पडलीये नाही?" मी हो म्हणते. पण त्या निळ्या आभाळावर माझा विश्वास नाही. त्या वर्षी आमच्या बंदरावरही असंच आभाळ होतं.

माझं माहेर कोकणातलं, खाडीच्या तोंडाशी असलेलं मासेमारीचं गाव. सरकारी कागदावर त्याचं नाव वेगळं आहे, पण तिथे त्याला कुणी नावाने ओळखत नाही. सगळे बंदरच म्हणतात. एसटी स्टँडवर उतरलं की एकच रस्ता. उजव्या हाताला खाडी, डाव्या हाताला नारळाच्या वाड्या आणि जांभ्या दगडांच्या कुंपणाचे गडगे. रस्ता सरळ जेटीवर जाऊन संपतो. पुढे पाणी. लहानपणी मला वाटायचं, जगातले सगळे रस्ते असेच संपत असतील. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा पहिले काही महिने मी कुठल्याही रस्त्याच्या टोकाशी पाणी शोधायची. ह्या शहरात एक रस्ता संपला की दुसरा सुरू होतो, कुठेच काही संपत नाही, याचा मला तेव्हा फार थकवा यायचा.

त्या बंदराच्या रस्त्याच्या कडेला आता काळे दगड उभे आहेत. त्यावर गावाचा इतिहास कोरलेला आहे. ती अक्षरं माझी आहेत.

झालं असं, की गावात बाहेरची माणसं येऊ लागली. त्यांना फक्त सुरमईची थाळी कुठे मिळते एवढंच विचारायचं असायचं. आणि गावातल्या पोरांना त्याहून जास्त काही सांगता यायचं नाही. मग गावकऱ्यांची बैठक झाली, आणि माझ्या भावाचा, दादाचा, फोन आला.

"तू शाळेत मराठी शिकवतेस ना? मग दोन-दोन ओळी लिहून दे. कुठे काय होतं ते मी सांगतो."

दादाची स्वतःची बोट होती. तोच तिचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा आणि बोटीवरच्या सगळ्यांची जबाबदारी असलेला माणूस. त्याचा आवाज फोनवरही मोठा यायचा, कारण त्याला आयुष्यभर इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्याने बोलायची सवय. तो सांगायचा, मी लिहायची. आमच्याकडचा जांभा दगड भुसभुशीत, त्यावर अक्षर धरत नाही. म्हणून दगड पुण्याकडचे घेतले. कात्रजच्या पुढे एका पाथरवटाकडे मी चकरा मारल्या. तो म्हणाला, "बाई, अक्षर मोठं ठेवा. खारी हवा बारीक अक्षर खाते." म्हणून मी वाक्यं कापत गेले. दगड टेम्पोतून घाट उतरले आणि दादाने मित्रांना घेऊन ते स्वतः खड्डे खणून उभे केले.

स्टँडजवळ इंग्रजांच्या वेळचा एक मैलाचा दगड आधीपासूनच होता, आकडा पुसलेला. त्याच्या शेजारी पहिला दगड लागला: "हा रस्ता होण्याआधी येथून मासळी डोक्यावरून जात असे." पुढे, जिथे आता क्रिकेटचं मैदान आहे, तिथे: "येथे मिठागर होते. मिठाच्या राशी दुरून गलबतांना दिसत." त्याच्या पुढे, पिंपळाच्या पारापाशी, एक आडवी रेघ आणि खाली तीनच शब्द: "पाणी येथवर आले." कोणत्या साली आलं ते लिहिलं नाही, कारण म्हाताऱ्यांचं एकमत होईना. आई म्हणायची, मी तेव्हा माझ्या आईच्या मांडीवर होते. समोरच्या वाडीतले आजोबा म्हणायचे, छट, माझ्या लग्नाच्या वर्षी. शेवटी दादा वैतागला. "साल जाऊ दे गो. पाणी आलं होतं ना? झालं तर."

बर्फाच्या कारखान्यासमोर पूर्वी पडावात बसून माणसं आगबोटीपर्यंत जात. तिथला दगड मला सगळ्यात आवडायचा: "येथून मुंबईची बोट मिळे. जाणारे खूप, येणारे थोडे." हे वाक्य मला सुचलं तेव्हा मी शाळेतल्या बायकांना वाचून दाखवलं होतं.

आणि शेवटचा दगड जेटीच्या अलीकडे, जिथे रस्ता वळतो तिथे. तो सगळ्यात उंच. "या बंदरातून गेलेले आणि न परतलेले." खाली नावं. लोकांनी आठवून आठवून दिलेली, पणजोबांपासूनची. आमचा एक चुलत आजोबाही त्यात आहे. नावांच्या खाली बरीच जागा रिकामी सोडलेली. बैठकीत एकाने सांगितलं होतं, "खाली जागा असू दे." घर बांधताना पुढेमागे एक खोली वाढवायला जागा ठेवतात, तशाच सुरात. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

त्या वर्षी दसऱ्याला मी मार्केट यार्डातून झेंडू घेतला आणि एसटीने गावाला पाठवला. दसऱ्याला आमच्याकडे बोटींची पूजा करतात. दादाचा फोन आला. "गावात झेंडू मिळत नाही असं वाटलं काय तुला? एवढी फुलं! बोट दिसेना झाली." मागून वहिनीचं हसणं ऐकू येत होतं. वहिनी हसली की तिला ठसका लागतो. तो ठसकाही ऐकू आला.

दसरा झाल्यावर तो समुद्रावर गेला. आभाळ स्वच्छ होतं. बंदरावर धोक्याचा बावटा नव्हता. वादळाचा बावटा चढला तेव्हा बोटी आत दूर गेलेल्या होत्या. बाकीच्या धडपडत खाडीत शिरल्या, काही दुसऱ्या बंदरांना लागल्या. प्रत्येक बोटीचा फोन आला. एकीचा आला नाही.

मी बातमी ऐकली तेव्हा शाळेत होते, पेपर तपासत. पुण्यातही तेव्हा अचानक ढग भरून आले होते आणि पोरं खिडकीपाशी ओरडत होती, पाऊस, पाऊस. मी तशीच स्वारगेटला गेले. एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसली होती, ती सगळा घाट उतरेपर्यंत सांगत होती की ह्या पावसाने तिच्या दिवाळीच्या करंज्या सादळणार. मी तिला काही बोलले नाही. बोलले असते तर मला थांबता आलं नसतं.

त्यानंतरचे दिवस मला दिवस म्हणून आठवत नाहीत. रस्ता म्हणून आठवतात. घरातून निघायचं, जेटीवर जायचं, परत यायचं, परत जायचं. आई, वहिनी आणि मी. हेलिकॉप्टर आलं की सगळा रस्ता मान वर करायचा. दुसऱ्या बंदरातून कुणी फोन केला की एक लाकडी फळी दिसली, एक डबा दिसला, की आम्ही पळत सुटायचो आणि मग तो डबा कुणाचाच नसायचा. वहिनी जेवत नव्हती. ताटात घास घेऊन बसायची आणि म्हणायची, "ह्यांनी काय खाल्लं असेल?" मग ताट तसंच सरकवायची. वादळ ओसरल्यावर ऊन पडलं, आणि समुद्र इतका शांत, इतका निळा झाला की त्याच्याकडे बघून मला किळस आली. हे असं तोंड घेऊन तो कसा काय पडून राहू शकतो, असं वाटलं.

आणि त्या रस्त्यावर माझी वाक्यं. जाताना तीच, येतानाही तीच. पाणी येथवर आले. जाणारे खूप, येणारे थोडे. मला ती वाचायची नसायची, पण डोळ्यांना सवय असते, अक्षर दिसलं की ते वाचतातच. एका गावाचा इतिहास लिहिताना मी किती सुखात होते! वर्गात उभं राहून फळ्यावर सुविचार लिहावा तसा मी तो लिहिला होता. मीठ गेलं, आगबोट गेली, डोक्यावरच्या पाट्या गेल्या, पाणी आलं आणि गेलं. गेलं हे क्रियापद किती सोपं वाटलं होतं तेव्हा. जेटीच्या वळणावर आलं की वहिनी मान खाडीकडे वळवायची. आई मात्र त्या उंच दगडापाशी थांबायची. नुसता हात टेकवायची.

मग रमजान सापडला. दादाच्या बोटीवरचा खलाशी. एका पिंपाला धरून तो तरंगत राहिला आणि लांबच्या बंदरातल्या एका बोटीने त्याला उचललं. दवाखान्यातून सुटल्यावर तो घरी न जाता आधी आमच्याकडे आला. ओठ फुटलेले, हातांची कातडी सोललेली. ओसरीवर बसला आणि कितीतरी वेळ नुसता रडला. आईने त्याला पाणी दिलं. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"रमजानभाई, मला खरं सांगा," ती म्हणाली.

"खोटं नाय बोलणार वहिनी. लाट आली आणि मी पाण्यात. वर आलो तेव्हा बोट होती. तांडेल उभा होता, सुकाणू धरून. मला हाक मारत होता. मग पाऊस असा आला की माझा हात मला दिसेना. पाऊस कमी झाला तेव्हा..." तो थांबला. "तेव्हा तिथे काय नव्हतं."

"म्हणजे बोट बुडताना तुम्ही बघितली नाही?"

"नाय."

"ह्यांना पाण्यात पडताना बघितलं नाही?"

"नाय, वहिनी."

वहिनी आत गेली. चुलीपाशी बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोन घास जेवली. ओसरीवर आईने कपाळ भिंतीला टेकवलं आणि मोठ्याने हंबरडा फोडला. रमजान एकच गोष्ट बोलला होता. एकीला त्यातून नवरा मिळाला, दुसरीचा मुलगा त्यातच गेला. त्या दिवसापासून एका घरात राहून त्या दोघी दोन किनाऱ्यांवर राहू लागल्या.

आईला वाटत होतं, दर्भाचा पुतळा करून का होईना, विधी उरकावा. दादाचं नाव दगडावर कोरावं. "त्याला कुठेतरी जागा दे गो," ती मला म्हणायची. "नुसता पाण्यावर फिरतोय माझा पोरगा. त्याला थांबायला जागा नको?" तिला मोकळेपणी रडायचं होतं, आणि घरात कुंकू लावून वावरणाऱ्या सुनेसमोर ते रडणं अपशकुन ठरत होतं. म्हणून ती दगडापाशी जाऊन रडायची.

वहिनी म्हणायची, "सुधाताई, ज्या दिवशी नाव कोरलं त्या दिवशी मी त्यांना बुडवलं. समुद्राने नाही, मी. तुम्ही त्या पाथरवटाला फोन करायचा नाही. माझी शपथ आहे."

मी फोन केला नाही. आईने माझ्याशी बोलणं सोडलं, मग पुन्हा सुरू केलं, मग पुन्हा सोडलं. पुण्याहून फोन केला की आधी आईशी बोलायचं आणि मग वहिनीशी, आणि एकीला दुसरीचं सांगायचं नाही, हे मी शिकले. दोघी खऱ्या होत्या. मला त्यांच्यामधून चालता येईल अशी वाटच दिसत नव्हती. कधी वाटायचं, काहीही सापडू दे. एक चप्पल, सदऱ्याची एक बाही. निदान मग आम्ही तिघी एकाच गोष्टीसाठी रडू. आपल्या भावाचं काहीतरी वाहून यावं म्हणून देवाकडे मागणं मागणारी बहीण! देवघरासमोर बसून मी हेच मागितलं आहे.

वर्षं गेली. दादाची मुलगी प्रणाली शिकून पुण्यात आली आणि आमच्याकडे राहू लागली. हिंजवडीत तिला नोकरी लागली. सकाळी कंपनीची बस पकडायला ती धावत जिना उतरते तेव्हा पावलांचा आवाज अगदी दादाचा येतो, दोन पायऱ्या सोडून तिसरीवर. तिच्या मोबाइलवर हवामानाची दोन-तीन ॲप्स आहेत. ऑफिसात खिडकी उघडत नाही, सगळ्या काचा बंद, पण आठवड्यातून एकदा तरी ती मला मेसेज पाठवते, "आत्या, लो प्रेशर तयार होतंय." इथे बसून आम्ही दोघी कुणासाठी वारा मोजतो? ती विचारत नाही, मीही नाही. संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्याने कधी आम्ही चालतो. मुठेला पाणी असलं तर ती कठड्याला धरून थांबते. एकदा म्हणाली, "हे पाणी शेवटी जातं कुठे गं?" मी म्हटलं, "लांब. पूर्वेकडे. आपल्या समुद्राला नाही मिळत." तिने मान हलवली. आम्हाला दोघींना त्याचं थोडं बरं वाटलं.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, माणसं साधी. आनंदाची गोष्ट होती, आणि आमच्या घरात पत्रिकेच्या पहिल्या ओळीशीच सगळं अडून बसलं. दादाच्या नावाआधी श्री. लिहायचं की कै.? आई आणि वहिनी पुण्याला आल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या, मध्ये कागद, आणि लिहायला पुन्हा मीच.

"कै. लिही," आई म्हणाली. "जिवंत माणसाने पोरीच्या लग्नाला यायला नको होतं काय?"

वहिनीने कागदावर तळहात ठेवला. ओट्याजवळ प्रणाली उभी होती. ती म्हणाली, "मला लग्नच नको. रजिस्टर करू, पत्रिका नको, काही नको. बाबांना असं रोज रोज मारू नका गं तुम्ही! आणि रोज रोज जिवंतही करू नका." आणि ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडत बसली.

वहिनीने कागदावरचा हात काढला आणि ती म्हणाली, "नावाआधी काहीच नको. नुसतं नाव लिहा." पुण्यात अशी पत्रिका जिने चढली की लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. एकीने विचारलंच, "अहो, श्री. राहिलं वाटतं छापायचं?" मी म्हटलं, "हो, राहिलं."

लग्न त्या वर्षी दिवाळीनंतर झालं, शहरातल्या एका कार्यालयात. वहिनीने हिरवी साडी नेसली, मंगळसूत्र, मोठं कुंकू. मंडपात आई तिच्यापासून चार खुर्च्या लांब बसली होती. कन्यादान मी आणि ह्यांनी केलं. हात पाण्याखाली धरले तेव्हा मला वाटलं, हे पाणी माझ्या हातावर नको होतं.

अक्षता पडल्या, पंगती बसू लागल्या. मुलाकडच्या एक मावशी, सदाशिव पेठेतल्या, ठसक्यात बोलणाऱ्या, वहिनीपाशी आल्या. आई आणि मी जवळच होतो.

"मुलीचे वडील कुठे दिसले नाहीत ते? आत्या-काकांनी उरकलं सगळं."

वहिनीने पदर सावरला. "ते बोटीवर गेलेत," ती म्हणाली.

"मुलीच्या लग्नाला? कमाल आहे!"

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. मी पुढे होणार एवढ्यात आई उठली. गुडघे धरत धरत वहिनीच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्या मावशींना म्हणाली, "वाऱ्यात अडकलाय माझा मुलगा. वारा पडला की येईल."

वहिनीने आईकडे बघितलं. इतक्या वर्षांत आईच्या तोंडून हे वाक्य तिने एकदाही ऐकलं नव्हतं. तिला तेच ऐकायचं होतं, त्यासाठी ती भांडली होती, उपाशी राहिली होती, एका घरात एकटी राहिली होती. आणि आता ते ऐकल्यावर तिच्या अंगातलं काहीतरी सुटलं. ती खुर्चीवर बसली, बसली म्हणजे कोसळलीच.

"नाही येणार, आई," ती म्हणाली. अगदी हळू. "नाही येणार ते."

"नाय गो," आई म्हणाली. "नाय येणार."

आईने तिचं डोकं पोटाशी धरलं. दोघी रडू लागल्या, भर कार्यालयात, सनई वाजत असताना, तोंडावर पदर न घेता. व्यासपीठावरून प्रणाली मुंडावळ्या सावरत धावत आली आणि दोघींच्या गळ्यात पडली. मी तिथे उभी राहिले. माझे हात अजून ओले होते.

मावशी जरा गोंधळल्या. मग त्यांनी वहिनीच्या पाठीवर थोपटलं आणि आजूबाजूच्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, एवढं काय रडायचं? हिंजवडीला तर चालली आहे मुलगी. बसने जाऊन येता येतं."